टेकडीवरचे तिरंदाज

सून: पण आई, या खेळात लढायचंच आहे तर निळ्या राज्याशी केलेल्या तहाची मुदत संपेपर्यंत थांबलात कशाला? सरळ घुसायचं.

सासू: तह मोडला की शेजारचा पिवळा राजा बिथरतो. त्याला कॉम्प्युटर खेळवत असला तरी नाकावर राग फार. म्हणून आधी त्याला घोडे भेट दिले, मग तह आपोआप संपू दिला. आता रीतसर युद्ध पुकारायचं. कुणाला बोट दाखवायला जागा नको.

सून: आणि हे निळं राज्य मावशींचं ना? सख्ख्या बहिणीवर चढाई?

सासू: तिच्यावरच.

सून: अहो, नुकतं ऑपरेशन झालंय त्यांचं.

सासू: ते तिनं सांगितलं का मला? झाल्यावर तिच्या जावेकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, तू उगाच घर डोक्यावर घेतलं असतंस. आणि फोन ठेवला.

सून: मग तुम्ही करा की.

सासू: ठेवला कुणी?

सून: बरं. पण हा खेळ तर रोज खेळता दोघी. त्या त्यांच्या घरून, तुम्ही इथून.

सासू: मी खेळते. तिकडून नुसतं ‘खेळी संपली’चं बटण दाबलं जातं. एक शिपाई हलत नाही. ते काय, कुणीही दाबेल. तिचे यजमान, तुझे काका, दाबत असतील, मला संशय नको म्हणून. मग ती आहे कशी? सारखं तेच येतं मनात.

सून: म्हणजे ही लढाई त्यासाठी?

सासू: मग काय, मला तिची गावं हवीत?

सून: पण खेळतंय कोण ते कळणार कसं?

सासू: काका असले तर सगळी फौज राजधानीभोवती गोळा करतील. जपून वागणारा माणूस. ही आधी टेकडीवर तिरंदाज चढवते. लहानपणीसुद्धा भांडण झालं की माळ्यावर जाऊन बसायची आणि वरून उशा फेकायची.

सून: आणि तुमचंच एखादं गाव गेलं तर?

सासू: जाऊ दे. तू दाब ते लाल बटण. माझा हात होत नाही.

(सून बटण दाबते. दोघींचा चहा होतो. टॅब्लेट वाजतो.)

सून: आई, टेकडीवर कुणीतरी आलंय.

सासू: नीट बघ. कोण?

सून: हातात धनुष्यं आहेत.

सासू: तीच आहे. बरी आहे गं बाई.

सून: थांबा, तहाचा निरोपही आलाय. गाव नको, सोनं नको. फक्त एक राजदूत मागितलाय. त्यानं काय करायचं असतं?

सासू: त्यांच्या राजधानीत जाऊन राहायचं. आधी तिनं मागितला ना? नीट वाच.

सून: हो, त्यांनीच. मग कुणाला पाठवू? इथं तिघांची चित्रं आलीत.

सासू: त्यातलं कुणी नको. कपाटावरची माझी बॅग काढ.