वाकड्या नाकाचे साक्षीदार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, आणि ज्यांच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आपल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाई, सर्वांना नमस्कार. मी कोपऱ्यावरचा बेकरीवाला. रुग्णांच्या वतीने बोलायचा मान मला मिळाला तो माझ्या वाकड्या नाकामुळे. मागच्या रांगेतून दिसत नसेल तर जरा वळून उभा राहतो.

बेकरीवाल्याचं अर्धं दुकान नाकावर चालतं. पीठ फुगलं की नासलं, हे हाताआधी नाकाला कळतं. आणि मला तर डाव्या नाकपुडीत दिवसभर सडका वास, गालात ठणका. चांगलं पीठ नासलं म्हणून मी फेकून देत होतो आणि बायको कपाळाला हात लावत होती. दुकान बंद करायची पाळी आली. जो तो म्हणे, नाकातलं हाड वाकडं आहे, त्यामुळेच सायनस. मीही बाईंना म्हणालो, "करून टाका सरळ."

बाईंनी काय विचारावं? "घरात असं नाक आणखी कोणाचं आहे? घेऊन या त्यांना."

ही त्यांची जुनी रीत, इथल्या भगिनींना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी वडील, आत्या आणि धाकटा भाऊ बाकावर हजर. बाईंनी प्रत्येकाच्या नाकाखाली धातूची थंड पट्टी धरून श्वासाची वाफ पाहिली, दिव्याने आत पाहिलं. तिघांचंही हाड डावीकडेच कललेलं, आणि सायनसचा त्रास एकालाही नाही. वडिलांना तर साधी सर्दीही क्वचितच. आत्याला राहवेना. "बाई, तुमचंही नाक वाकडंच दिसतंय की."

"म्हणून तर मी त्याच्यावर लगेच आळ घेत नाही," बाई म्हणाल्या.

मग स्कॅन आला. नाकातलं एक हाड हवा भरून पावासारखं फुगलेलं. मी म्हटलं, सापडला चोर. बाई हसल्या. "असं हाड कितीतरी धडधाकट माणसांत असतं. जिथे खरंच वाट अडते तिथे मी ऑपरेशन करतेच. तुमची वाट मोकळी आहे. हे खाली बघा." खाली वरच्या दाढेचं किडलेलं मूळ थेट सायनसच्या तळाला भिडलेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होतो की नाही आपण? नाक दाखवायला गेलेला मी दाढ काढून घरी आलो.

औषधं झाली, काही आठवडे गेले. एका सकाळी भट्टीपाशी उभा असताना मला करपल्याचा वास आला. फक्त करपल्याचा, त्यात सडकं काही नाही. मी तिथेच रडायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, रडा नंतर, आधी ट्रे बाहेर काढा."

बाई, आमचं दुकान आज उघडं आहे ते तुमच्यामुळे. तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय. मला बोलायला बोलावलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात कुठे काही करपलं असेल तर पोटात घाला. बाहेर चहासोबतचे पाव मात्र आमचे आहेत, आणि ते मी स्वतः वास घेऊन आणलेत.