मिनूच्या वाटणीच्या पोळ्या

—नाही नाही, चपला राहू द्या हो, तसेच या आत. बसा. मिनू अंघोळीला गेलीय, बायको घालतेय तिला, पाच मिनिटं — दहा धरा, आज केस धुवायचा दिवस. घाई आहे का तुम्हाला? अंबरपेठेतच अजून दोन घरं? मग बसा की निवांत, रविवारचं कोण कुठं पळून चाललंय! आणि मराठी येतं तुम्हाला हे बरं झालं — आई नांदेडची? हौ, मग आपलेच निघालात. संदेश ना नाव? फोनवर तेच आलं होतं. चहा घेता, संदेशभाऊ? नको कसं, अर्धा कप घ्या. बरं, राहिलं. ती पेटी तेवढी टेबलाखाली ठेवा, सुया दिसायला नकोत — तशी रडणार नाही म्हणा ती. तेच तर दुखतं मला. लोकांची पोरं घर डोक्यावर घेतात, आमची विचारते, किती वेळ लागेल काका, मी डोळे मिटू का. सहा वर्षांची आहे हो. बघाल तर चार वर्षांची वाटेल.

किती रक्त घेता? एवढीशीच नळी? आणि ह्यात कळतं म्हणे सगळं. ग्लुटेन का काय ते, गव्हातलं, पोटाला सोसतं की नाही. कळतंच ना पण? तुम्हाला काय माहीत म्हणा, तुम्ही काढून न्यायचं. सगळं आमचंच चुकलं बघा पहिल्यापासून. पोट फुगायचं पोरीचं, जुलाब, हातापायाच्या काड्या — कुणी म्हणे जंत, कुणी म्हणे मीठमिरच्या ओवाळा. ओवाळल्या त्याही. मग आमचा मेव्हणा, अविनाश, तो म्हणाला एकदा गहू बंद करून तर बघा. केला बंद. आम्हाला काय, ज्वारीची भाकर लहानपणापासून पोटात. आणि काय सांगू तुम्हाला, महिन्यात पोर उड्या मारायला लागली! आठ महिने गहू नाही घरात. वाढदिवसाचा केक नाही, बिस्कीट नाही, देवळात प्रसादाचा शिरा हातावर पडला की तसाच मुठीत धरून मला आणून द्यायची — बाबा, तुम्ही खा, मला चालत नाही. शिरा गार झालेला असायचा, बोटांना चिकटलेला. मी खायचो. प्रसाद टाकायचा कसा?

मग सिकंदराबादला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, तपासणी कुठाय? आधी तपासायचं, मग गहू सोडायचा, तुम्ही उलटं केलंत. आता रक्त घेऊन उपयोग नाही, गहू पोटात जातच नसेल तर रक्तात काय दिसणार? सहा आठवडे रोज दोन पोळ्या खाऊ घाला, मग रक्त. म्हणजे बघा तुम्ही — जे खाऊन पोर आजारी पडते तेच आपल्या हातानं भरवायचं, कशाला, तर ती आजारी पडते का बघायला! भांडलो आम्ही, महिनाभर भांडलो. मी म्हणायचो बरी आहे ना आता, राहू दे. तेजश्री, बायको माझी, म्हणायची, जन्मभर असं अंदाजानं चालवणार का? तिचं लग्न होईल, परगावी जाईल, लोकं विचारतील काय झालंय, काय सांगेल ती — मामा म्हणाला म्हणून खात नाही? खरं होतं तिचं. डॉक्टरही तेच म्हणाले, खात्री नसली की माणूस सैल पडतं, थोडं थोडं खातं, आणि आतून पोखरत जातं. शेवटी मीच म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे.

तो कागद बघताय का फ्रिजवरचा? तेजश्रीनं केलाय, शाळेत शिकवते ना, तिला असं आखूनरेखून लागतं. तारीख, पोळ्या किती, पोट दुखलं का, वजन. बरोबर आहे, वजन वाढलंय. नऊशे ग्रॅम! दृष्ट लागू नये, पण वाढलंय. गहू थांबवल्यावर वाढणारच ना —

काय? नाही, मी म्हणजे तेव्हाचं म्हणत होतो, पहिल्यांदा बंद केला तेव्हाचं.

नाही. जाऊ द्या. तुमच्याशी कशाला खोटं बोलू, तुम्ही तर रक्त घेणारे. हळू बोलतो, नळ चालू आहे तोवर. पहिले दहा दिवस दिल्या हो मी पोळ्या, देवाशप्पथ दिल्या. तेजश्री म्हणाली होती, लाटून देईन मी, पण भरवणं माझ्यानं व्हायचं नाही, ते तुम्ही करा. पहाटे उठून दोन घडीच्या पोळ्या करायची, तूप लावायची, आणि पावणेसातच्या बसला पळायची. माझं ऑफिस दहाला — रेल्वेत आहे मी — त्यामुळे एक पोळी मी समोर बसून खाऊ घालायची, एक डब्यात. तिसऱ्या दिवशी ओकली. पाचव्या दिवशी जुलाब. मी म्हटलं होईल सवय. दहाव्या दिवशी ताटापुढं बसली, पोळीचे इवले इवले तुकडे केले, ओळीनं मांडले, आणि मला म्हणते — बाबा, मी शहाण्यासारखी वागते ना? मग का देता? एवढंच. रडली नाही, ओरडली नाही, एक तुकडा उचलून तोंडात घातला आणि माझ्याकडं बघत चावत बसली. मी उठलो, तिच्या तोंडात बोट घालून तो तुकडा बाहेर काढला. असला कसला बाप मी! धड भरवता येईना, धड थांबवता येईना.

त्या दिवसापासून — हौ, त्या दिवसापासून एक पोळी नाही गेली तिच्या पोटात. खाली कोपऱ्यावर इडलीची बंडी, हातगाडी आहे बघा, येताना दिसली असेल, तिथून चार इडल्या आणायचो, दोन इथं, दोन डब्यात. आणि पोळ्या मी खायचो. ओट्याशी उभं राहून, कोरड्याच, भाजी नाही काही नाही. घशाखाली उतरायच्या नाहीत, पण टाकणार कुठं, कचऱ्यात दिसल्या असत्या. रविवारी तेजश्री घरी, मग म्हणायचो चल मिनू, बागेत जाऊन खाऊ. संध्याकाळी कागदावर बरोबरची खूण. साडेचार आठवडे खोट्या खुणा केल्यात मी तिथं, माझ्या हातानं. आणि पोरीला शिकवलं — आईला नाही सांगायचं हं. कधी खोटं बोलली नव्हती हो ती. पेन्सिल हरवली तरी स्वतः येऊन सांगायची.

मला वाटलं, बायकोचं समाधान होईल, एकदा रक्त दिलं की संपलं. गाढव मी! तिकडं काय झालं — पोर सुधारली, वजन वाढलं, आणि तेजश्रीला वाटलं गहू पचतोय! परवा बघितलं मी तिला, आपल्या आईला फोनवर सांगत होती — आई, माझ्या पोरीला काही नाहीये गं, पोळ्या खाते आणि धावते. सांगता सांगता रडायला लागली आनंदानं. दोन वर्षांत हसताना बघितली नव्हती मी तिला तशी. अफझलगंजहून उस्मानिया बिस्किटं आणून ठेवलीत, पलीकडच्या कपाटात, रिपोर्ट आला की उघडायची. मंगळवारी रिपोर्ट. चांगलाच येणार तो, वाईट यायला त्यात आहे काय? आणि बुधवारपासून ती बाई लेकीला प्रेमानं गहू भरवणार, वर्षभर, दोन वर्षं, आणि पोट दुखलं तर म्हणणार रिपोर्ट चांगला आहे, नाटकं करू नकोस.

सांगा म्हणता? डॉक्टरांना? सांगितलं तर काय म्हणतील ते मला पाठ आहे — पुन्हा सहा आठवडे, पहिल्यापासून. आणि आता तेजश्री मला भरवू देईल का? स्वतः बसेल समोर. जी म्हणत होती माझ्यानं व्हायचं नाही, तिला मी बसवणार. रात्र रात्र हाच हिशेब चाललाय डोक्यात, आणि कुठूनही गेलं तरी पोरीच्याच पोटावर येतं.

ऐका ना, संदेशभाऊ. तुम्ही — तुम्ही आज एवढंच म्हणाल का, की नळी संपली, किंवा शीर सापडली नाही, लहान मुलांची नाही सापडत कधी कधी, खरंच नाही सापडत ना? आठ दिवस मिळाले मला तर मी काहीतरी — नाही? नोकरीचा प्रश्न आहे, बरोबर आहे तुमचं. नका बोलू. मी कुणाकुणाला खोटं बोलायला लावणार आता.

नळ बंद झाला. आली बघा. ये, मिनू, ये. केस पुसले का नीट? हे काका. हो, हेच रक्त घेणार. अगं, बाही कशाला आत्ताच वर केलीस, थांब —

काय म्हणालीस?

नाही बाळा, काकांनी नाही विचारलं काही. कुणीच नाही विचारलं तुला. रोज दोन खाल्ल्या म्हणून का सांगतेस त्यांना? माझ्याकडं बघ. नको बोलूस तसं. पुरे, पुरे आता, माझी माय ती.

तेजू, तो टॉवेल ठेव आणि बस जरा इथं. हो, आत्ताच. तुम्ही जा, भाऊ. सुई नका काढू — ठेवा, पेटी बंद करा. काही घ्यायचं नाहीये आज. जा तुम्ही.