खिडकीवर विचारतात ते नाव

"हॅलो…? कोन? …मी, मी पुष्पा बोलून राहिली. …हाव भाऊजी, मीच. जरा मोठ्यानं बोला, मिल सुरू आहे इथं."

१९४४ च्या मार्चमधली ती सकाळ इतर सकाळींसारखीच उजाडली होती. पहाटे वाफवलेले धान गोंदियाच्या त्या राईस मिलच्या सिमेंटच्या अंगणात पसरले होते, आणि पुष्पाबाई अनवाणी पायांनी त्यात सऱ्या ओढत फिरत होती. धान असे वरखाली केले नाही तर तळचा दाणा ओला राहतो. दुसरी फेरी अर्ध्यावर असताना मुनीम केशोरावांनी हाक मारली. नागपूरहून तिच्या धाकट्या दिराचा, भोजराजचा, ट्रंककॉल होता. वॅगनमध्ये पोती भरताना थप्पी कोसळून तिच्या नवऱ्याचा पाय चिरडला, त्याला बारा दिवस झाले होते. भोजराजनेच त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवले होते. टेलिफोन मात्र तिने आयुष्यात प्रथमच हाती धरला होता.

"कसे आहेत शामकलाचे बाबा? …काळा पडला? कुठवर? …कापा लागते? …उद्या सकाळीच?"



"मंग कापू द्या ना भाऊजी, जीव तं वाचन. …कागदावर अंगठा नाई देत? काऊन? …मी आल्याबिगर नाई देत म्हनते? …नाई, रडून नाई राहिली. सांगा तुमी."

"आजच निघतो. शामकला राहीन तिच्या आजीपाशी. …मोटरनं? नाई बाप्पा. कोळशावर चालते थे, चढ आला का सारे उतरून ढकलतेत. आमच्या मिलचा बिसराम गेला होता, भंडाऱ्यालेच रात झाली त्याले. …छोटी लाईन? नागभीडवरून उद्या दुपार होईन मले. …साडेदहाची पॅसेंजर, हाव. मिलिटरीची गाडी आली का बाजूले ठेवतेत तिले, मागं तुमसरले घंटाभर ठेवली होती. दवाखान्याचं फाटक कितीले बंद होते? …सहाले. मंग पोचतो मी."

"तुमी टेसनवर… गिरणीत दुपारची पाळी आहे? सुट्टी नाई देत? …असू द्या. मी का लहान पोट्टी आहो?"

"ऐकून राहिली ना… टेसनासमोरच्या टांग्यात नाई बसाचं. बाई दिसली का सरळ जनाना दवाखान्यात नेतेत. माहीत आहे, सोमवारी मले बी तिथंच नेलं होतं. …सायकल-रिक्षा? मानूस पाय मारते अन् आपन मांगं बसाचं? एकटी बाई बसते त्यात? …बसतेत तं मी बी बसीन."

मग तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिचा आवाज खाली आला.

"भाऊजी… एक सांगाचं होतं. मागच्या सोमवारी भेटाले आली तवा फाटक बंद नव्हतं झालं. …खोटं सांगतलं मी. टांगेवाल्यानं उशीर केला म्हनून त्याच्या माथी मारलं सारं. चार वाजताच पोचली होती मोठ्या दवाखान्यात. …खिडकीवरचा बाबू म्हने, पेशंटचं नाव सांग. मी म्हनलं, शामकलाचे बाबा. …हाव, तेच म्हनलं. तो हासला, मांगचे लोकं हासले. म्हने, बाई, इथं कितीक पोरींचे बाप पडले आहेत. …गाव सांगतलं, पाय सांगतला. तो म्हने, बाजूले हो. …झाली बाजूले. मंग सातची गाडी धरली."

केशोरावांची लेखणी थांबली.

"बोला, अजून बोला. माही चूकच आहे. …दुसऱ्या बाईले सांगाचं होतं? तिले सांगाले तरी नाव घ्याच लागते ना भाऊजी."

"मुनीमजीजवळून चिठ्ठी लिहून आनतो. …नाई चालत? …डाक्तरासमोर तोंडानं सांगा लागते? कोनाची कोन, त्याचं नाव, बापाचं नाव… सासऱ्याचं बी?"

"तुमाले सोपं वाटते. माह्या मायनं मरेपर्यंत बापाचं नाव नाई घेतलं. नाव घेतलं का त्या मानसाचं आयुष्य… हाव, समजते मले, पाय सडून राहिला. म्हनूनच तं भेव लागते. एवढं जिवावर आलं असताना मीच तोंडातून काढू? उद्या काई झालं तं मी कोनाले सांगू?"

"…मधात कोन बोलते? …सहा मिनिटं झाले म्हनते. थांबा, ठेवू नका. भाऊजी, ते काय म्हनले? …अंगठ्याचं नाई, सोमवारी काय म्हनले? …दिवसभर दरवाज्याकडं तोंड करून पडून होते? …हॅलो? …हॅलो?"

"लाईन गेली, बाई," केशोराव म्हणाले. "ठेव आता."

तिने ठेवला नाही. भिंतीकडे तोंड करून ती तशीच उभी राहिली. मग त्या मुक्या यंत्रात ती अगदी हळू म्हणाली, "चैतराम."

तिने श्वास घेतला.

"चैतराम उदाराम," ती पुन्हा म्हणाली, या वेळी खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतके स्पष्ट.

केशोरावांनी मान वर केली नाही. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, पदर खोचला आणि घरी शामकलाला सांगून पॅसेंजरच्या वेळेआधी तासभर स्टेशन गाठले.