न रुसलेली वरात

— अन् कोनी ऐकलं का माह्यं? एकानंबी नाई! आता तुमी पोलीसवाल्या मॅडम साध्या ड्रेसमंधी आल्या विचारायले, तर सारा पुलगावचा बाजार म्हनते, जयवंताबाई आधीच बोलली होती. बोललीच होती! — ते वांगे दाबू नका, सकाळीच तोडले — तर माह्या जावेची पोरगी, आचल. राजस्थानचं स्थळ आलं, झटपट लगन लागलं. मी मांडवातच म्हनलं, हे वरात खोटी हाय. काऊन? अवो, कोनी रुसलंच नाई! आपल्या इकडं कसं — नवरदेवाचा मामा रुसते, दुपट्टा हलका भेटला म्हनून. मोठा जावई रुसते, भाजीवर तर्री नाई म्हनून. मंग समजवायले मानसं धाडा, तवा पंगत बसते. अन् हे? सोबत एक बाई नाई, नुसते बाप्ये. वाढलं ते खाल्लं, हात धुतले, पोरगी गाडीत घातली. त्यायच्याकडं रुसत नसन म्हनता? सोयरा कुठचाबी असो, रुसते! ज्याले परत तोंडच दाखवाचं नाई, तो कायले रुसन? तर जाऊ मलेच म्हने, "जयवंता, तुले पाहवत नाई माह्या पोरीचं." घ्या!

मंग परवा पोरीचा फोन आला, कोनाचा तरी चोरून. "काकी, इथं दार बाहेरून लावतात. मले विकलं म्हन्तात." — कट. गाव कोन्तं, तिलेबी मालूम नाई. तुमी म्हनता हे जगभर चालते — चालत असन, जगाच्या मांडवात मी नवती, ह्या मांडवात होती.

हो हो, मधला मानूस — येते ना तिथंच. सांबार देऊ का थोडा, म्हंजे तुमची कोथिंबीर? — त्यालेच गाव मालूम असन, बरोबर हाय तुमचं. नागपूरचा कोनी दलाल म्हनतात… नाई, नागपूरचा नाई. घरचाच होता म्हनून तर जाऊ भुलली. घरचा म्हंजे — ओळखीचा, येनारा-जानारा. कधी भाऊबीजेले न फिरकनारा मानूस, लगन लागल्याबरोबर भारी साडी घेऊन दारात —

काय पाहून राह्यल्या माह्या पदराकडं?

हो. हेच ते साडी.

उचला तुमचे वांगे. अन् लिहा. गिरडले राह्यते, दर्ग्याच्या टेकडीखाली. माह्या पाठचा भाऊ. तानबा.