ट्रायल रूममधले थेंब

...रडत नव्हतो हो मी! किती वेळा सांगू? डोळ्यात औषध घालत होतो, औषध! पण आमच्या मास्तरांनी कापड कापलं की कापलं, आणि समज करून घेतला की घेतला... उसवायची सोयच नाही!

तुम्हाला सांगतो, मी शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करतो. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून सुई हातात. सुईच्या नेढ्यात दोरा ओवायचा, एवढीच माझी विद्या. आणि एक दिवस उजवा डोळा लालभडक, आतून ठणकतोय, उजेड टोचतोय, आणि सुईला नेढी दिसतायत दोन!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या आत सूज आहे. स्टेरॉईडचे थेंब देते. जागे असाल तोवर तासातासाला एक. बाटली हलवायची, टोक डोळ्याला लावायचं नाही, थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. प्रत्येक थेंब मांडून ठेवा. आणि मनाने बंद करायचं नाही!" मी मान हलवली. मी मानच हलवतो हो, बोलणं माझ्याच्याने होत नाही.

आता सहा माणसं, वर गिऱ्हाइकं, त्यांच्यासमोर आ वासून डोळा ताणायचा? मी? मी चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून पितो! म्हणून दर तासाला ट्रायल रूममध्ये शिरायचो. कडी लावायची, थेंब घालायचा, कोपरा दाबायचा, हिशेब राहावा म्हणून भिंतीवर खडूने एक रेघ ओढायची, आणि रुमालाने डोळा टिपत बाहेर यायचं. एकच डोळा ओला! एका डोळ्याने कोण रडतं? पण एवढा विचार करतो कोण!

मास्तरांनी भिंतीवरच्या रेघा पाहिल्या. "पोरगी सोडून गेली वाटतं," ते हळूच म्हणाले. मास्तरांचं हळूच म्हणजे शेजारच्या सलूनमध्ये अर्धी दाढी थांबते. इस्त्री करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई! हा मान वर करून बघत नाही कुणाकडे, याला सोडून जायला भेटली कुठे?"

"अहो मावशी, मी रडत..."

"नको बोलूस, बाळा. गिळून टाक."

पाचव्या दिवशी डोळा पांढराशुभ्र. मास्तरांनी भर दुकानात खांद्यावर हात टाकला, "मर्दा, पुरे आता!" एक गिऱ्हाईक तर अर्धी पँट चढवून बाहेर आलं, माझं सांत्वन करायला! तुम्हीच सांगा, माणसाने करायचं काय? लाजेने बाटली कपाटात कोंबली. डोळा बराच झाला होता ना!

कसला बरा! बाटली कोंबल्यापासून चौथ्या दिवशी उजेड सुयांसारखा आत घुसायला लागला आणि मी एका वकिलाच्या कोटाचं काज पाडलं थेट खिशावर. मास्तरांनी रागवायचं सोडून माझ्यासाठी चहा मागवला... दुःखात आहे म्हणून! तेव्हा मात्र तडक दवाखाना गाठला. काजं करणाऱ्याचा डोळाच गेला, तर उरलं काय?

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "कुणी सांगितलं बंद करायला?" काय सांगू, अर्ध्या पँटमधल्या माणसाने? "लाली गेली म्हणजे सूज गेली नाही! माडीवरून पायरी-पायरीने उतरतात, का उडी मारतात? आता पुन्हा तासातासाला. मग दिवसाला आठ, मग सहा, मग चार, असं एकापर्यंत, मी सांगेन तेव्हाच. आणि डोळ्यातला दाब तपासायला यायचं, या औषधाने तो गुपचूप वाढू शकतो." गुपचूप! औषधही माझ्याच स्वभावाचं निघालं.

मग मी धीर केला. दुकानाच्या मधोमध उभा राहिलो, बाटली उंच धरली आणि ओरडलो, "मी रडत नाही! हे औषध आहे!"

मशिनं थांबली. मास्तर म्हणाले, "बरं हो. औषध. आम्ही कुठे काय म्हणतोय?"

मावशी म्हणाल्या, "औषध आहे तर माझ्याही डोळ्यात घाल थेंबभर. सकाळपासून चुरचुरतोय."

"नाही! तपासल्याशिवाय घालायचं नसतं, आणि एकाची बाटली दुसऱ्याला नाही!" आयुष्यातला माझा पहिला नकार हो!

आणि मास्तर मावशींच्या कानात, म्हणजे सलूनपर्यंत, "तिने दिलेली असणार. म्हणून जपतोय."

झालं! त्यात रेघा पुन्हा तासातासाला पडायला लागल्या. "तिचं लग्न ठरलं बहुतेक," मास्तर म्हणाले. पुढे रेघा आठावर आल्या, सहावर आल्या, तशी दुकानाला उभारी आली. "सावरतोय पोरगा!" चारावर आल्या त्या दिवशी मावशींनी माझा शर्ट न सांगता इस्त्री करून दिला. मी सांगणंच सोडलं.

होता होता दिवसाला एकच रेघ उरली, आणि काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज गेली, दाब ठीक. आजचा थेंब शेवटचा." ट्रायल रूममध्ये गेलो. थेंब घातला, कोपरा दाबला, शेवटची रेघ ओढली. बाहेर मास्तर म्हणत होते, "आज विसरला बघा तिला." आणि तुम्हाला सांगतो, काय झालं कुणास ठाऊक... दोन महिने या माणसांनी तिच्यापायी मला इतकं जपलं, आणि ती तर मुळात कधी नव्हतीच... असं भरून आलं! रडलो हो मी. दोन्ही डोळ्यांनी. चांगला हुंदका फुटला!

आणि दाराबाहेर मास्तर गिऱ्हाइकाला दटावत होते, "थांबा जरा! दार वाजवू नका. औषध घालतोय तो!"