शर्यतीसाठी लेन्स

सुराबायात भाड्याने लेन्स देणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपं होतं. बायको वर्तमानपत्राची फोटोग्राफर, दुसऱ्या दिवशी मदुरा बेटावरच्या बैलांच्या शर्यतीला निघालेली.

"ती मोठी, चारशे मिलिमीटरची घे, विनार्ती. लांब उभी राहा."

"लांबून नुसती धूळ येते हो. छोटीच बरी."

"छोटी म्हणजे शेवटच्या रेषेपाशी उभं राहायचं. गेल्या वर्षी तिथेच बैल अंगावर आला ना?"

"हाड जुळलंय आता."

"जिना चढताना कठडा धरतेस. उद्या पळशील कशी?"

"मोठीला डोळा लावला की बाजूचं काही दिसत नाही. बैल शेजारून आला तर?"

"मी मागे उभा राहीन. आला की ओढेन तुला."

"फोटो हलेल."

"हलू दे गं!"

"ऑफिसात म्हणतील, विनार्ती घाबरली."

"आणि नाही घाबरलीस?"

दुकानदाराने दोन्ही लेन्स काचेवर ठेवल्या.

"ताई, कुठली देऊ?"

"मोठी," ती म्हणाली. "आणि ऑफिसातून फोन आलाच, तर सांगा, छोटी कुणीतरी आधीच नेली होती."