सूनबाईच्या मेडलचा आगाऊ फ्लेक्स

आमच्या कळस गावात माझ्या नेमाला तोड नाही. चिंचेवर मारलेला दगड न चुकता शेजाऱ्याच्या कौलावर बसतो.

आमची सूनबाई मात्र बारामतीला जाऊन रीतसर रायफल शिकते. रविवारी तिची पहिलीच स्पर्धा होती. सरांनी बजावलेलं, मेडल डोक्यात आणायचं नाही, फक्त श्वास आणि समोरचा काळा ठिपका. म्हणून ती आठवडाभर रोज डोळे मिटून गुमान बसायची. मला काही राहवेना. शुक्रवारी मी चौकात फ्लेक्स लावला, ‘सुवर्णपदकाबद्दल सूनबाईंचे हार्दिक अभिनंदन’.

संध्याकाळी ती तणतणत आली.

“आबा, दूधवाला पेढं मागतोय. सरपंच इचारत्यात, सत्कार कधी ठेवू. आता डोळं मिटलं की ठिपका दिसंना, तुमचा फ्लेक्सच दिसतोय. आत्ताच्या आत्ता उतरवा.”

“अगं, मिळणारच हाय की. दोन दिस आधी लावला तर काय बिघडलं?”

“आन् न्हाय मिळालं तर?”

“तर म्हणू, छापणाऱ्याची चूक झाली.”

“मग राहू द्या तसाच. नेम चुकला तर लोकं तुमालाच गाठतील. फ्लेक्सवर माझा फोटो टिकलीएवढा हाय, आन् तुमचा ट्रॅक्टरच्या चाकाएवढा.”